निवडणारा वेगळा, पडणारा वेगळा: ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’मधल्या अकरा शनिवारांचं प्रकरण

पार्श्वभूमी

चौघे जण. नावं सांगत नाही. खेळात जो जे पात्र घेतो त्याच नावाने ओळखू. ड्रिलर म्हणजे मी, पुण्यात, चाळिशीला टेकलेला. स्काउट माझा मावसभाऊ, सत्ताविशीतला, नोकरीसाठी नेदरलँड्समध्ये. इंजिनिअर त्याची सख्खी थोरली बहीण, कोल्हापुरात, माझ्याहून धाकटी, पण म्हणायचं ताईच. आणि गनर म्हणजे तिचे यजमान, आमचे दाजी. तिघं भावंडं गेली दोनेक वर्षं शनिवारी रात्री दहाला एकत्र खेळतो. दाजी २०२५च्या जानेवारीत आले. त्याआधी त्यांनी गोळीबाराचा खेळ खेळला होता तो कॉलेजात असताना, सायबर कॅफेत, तासाला वीस रुपये देऊन.

खेळ ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’. कोपनहेगनच्या घोस्ट शिप गेम्सचा. फेब्रुवारी २०१८मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला, मे २०२०मध्ये पूर्ण झाला. चार बुटके दाढीवाले खाणकामगार हॉक्सेस नावाच्या ग्रहाच्या पोटात उतरतात, कंपनीने सांगितलेलं खनिज, अंडी, तेल जे काय असेल ते काढतात आणि कोळ्यांसारख्या ग्लिफिड किड्यांना झोडपत परत यानात चढतात. चौघांची कामं वेगळी. स्काउट दोराने उडतो आणि अंधाऱ्या गुहेत उजेड टाकतो, इंजिनिअर भिंतीवर उभं राहायला फळ्या मारते, ड्रिलर बोगदा खणतो, गनर दरीवर झिपलाइन टाकतो आणि गर्दी थोपवतो. एक जरी ढिला पडला की बाकी तिघांचं काम वाढतं.

आता या प्रकरणाचा गाभा, म्हणजे मोहीम निवडायचा पडदा. लोक ‘कुठल्या लेव्हलला खेळता’ असं विचारतात आणि उत्तर एका आकड्यात देतात. तो आकडा म्हणजे हॅझार्ड, १ ते ५. (२०२४मध्ये पाचाच्या वरही मुद्दाम कठीण करायची सोय आली, ती आमच्या कामाची नाही.) हॅझार्ड वाढला की किडे जास्त येतात, जोरात मारतात, चपळ होतात. पण प्रत्येक मोहिमेच्या कार्डावर आणखी चार गोष्टी असतात. मोहिमेचा प्रकार: खाणकाम, अंडी, पाइपलाइन, डोरेटा नावाच्या यंत्राची राखण वगैरे. लांबी, तीनपैकी किती ठिपके. गुंतागुंत, म्हणजे गुहा किती वाकड्यातिकड्या, तीही तीन ठिपक्यांत. आणि कधीकधी एखादं चिन्ह: अ‍ॅनोमली असेल तर बहुधा फायदा, वॉर्निंग असेल तर त्रास, पण थोडा जास्त बोनस. ही यादी दर अर्ध्या तासाने बदलते. मोहीम आणि हॅझार्ड दोन्ही ठरवतो तो होस्ट, म्हणजे ज्याच्या मशीनवर खेळ चालतो तो. बाकीचे यानात बसतात.

आमचा होस्ट स्काउट होता. कारण एवढंच की पहिल्या दिवशी त्याने खोली उघडली आणि मग तीच रीत पडली.

अडचण

दाजी आले तेव्हा आम्ही हॅझार्ड ३वर बरे चालायचो. फेब्रुवारीत स्काउट म्हणाला, “आता चारवर जाऊया, तीनवर मला झोप येते.” मी हो म्हटलं, ताईने हो म्हटलं, दाजींनी “चालतंय की” म्हटलं. पुढच्या पाच शनिवारी चारवर चौदा मोहिमा झाल्या. पाच जिंकलो, नऊ हरलो.

हरण्याचं एवढं काही नाही. त्यातली एक रात्र मात्र नीट सांगतो, कारण सगळं तिच्यात आहे.

सॉल्ट पिट्स नावाच्या भागात खाणकाम, लांबी तीन ठिपके, अ‍ॅनोमली डबल एक्सपी, वॉर्निंग लो ऑक्सिजन. स्काउट कार्ड बघून हरखला. डबल एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण दुप्पट, रोज मिळत नाही. लो ऑक्सिजनमध्ये हवा सारखी कमी होत जाते. ती भरून घ्यायला मॉलीजवळ यावं लागतं. मॉली म्हणजे खनिज वाहून नेणारं चार पायांचं यंत्र, आमचा खेचर म्हणा. यान आणि रिसप्लायच्या, म्हणजे वरून मागवलेल्या गोळ्यांच्या, पॉडजवळही हवा भरते. म्हणजे या मोहिमेचा सगळा नियम एकच: मॉलीपासून लांब जायचं नाही.

दाजींना हे कोणी सांगितलं नव्हतं. वर एका कपारीत मॉर्काइटची, म्हणजे काढायच्या खनिजाची, निळी शीर दिसली म्हणून त्यांनी झिपलाइन टाकली आणि ते गेले वर. आम्ही खाली. दोनेक मिनिटांनी हेडफोनवर शांतपणे विचारतात, “ही पट्टी कसली कमी होतीया?” स्काउटने “दाजी, खाली या, खाली या!” म्हणेपर्यंत ते आडवे. त्यांना उठवायला ताई चढली, तेवढ्यात झुंड आली. झुंडीत मॉली माझ्या बाजूला राहिली, ते दोघं वर, स्काउट तिसरीकडे. चौघे पडलो की मोहीम संपते, आणि ती संपली. अडतीस मिनिटं गेली होती, पाहिजे त्या मॉर्काइटपैकी तीन चतुर्थांश गोळा झालं होतं.

कोणी काहीच बोललं नाही. हीच खरी अडचण होती. आमच्या घरात मावसभावाला “गाढवा, हवा बघ” म्हणता येतं. दाजींना नाही म्हणता येत. त्यांना स्काउट ‘अहो-जाहो’ करतो, लग्नात त्याने त्यांचे कान पिळले होते तेव्हापासून करतो. आणि दाजीही मेहुण्यांसमोर “मला हे जमत नाही” म्हणणार नव्हते.

तीच गोष्ट रिसप्लायची. गोळ्या संपल्या की ८० नायट्रा (खणून मिळणारं आणखी एक खनिज) खर्चून वरून पॉड मागवायचा. त्यात चार खण असतात, माणशी एक, आणि एका खणातून गोळ्यांचा निम्मा साठा भरतो. दाजींची मशीनगन भुकेली. ते घोडा दाबला की सोडत नाहीत, गन तापून बंद पडेपर्यंत. पॉड उतरला की ते पहिले पोचायचे, एक खण घ्यायचे, अजून जागा शिल्लक आहे म्हणून दुसरा घ्यायचे. मग ताई येऊन बटण दाबत बसायची आणि तिच्यासमोर रिकामी चौकट. एकदा तिच्याकडे खरोखर एकही गोळी नव्हती. स्काउट म्हणाला, “असू दे, असू दे, ताई तू माझा घे.” आणि स्वतः कुदळीने किडे मारत फिरला. मी ऐकत होतो. मीही काही बोललो नाही.

मार्चच्या मध्यावर ताईचा मला वेगळा मेसेज आला: “हे म्हणतायत पुढच्या शनिवारी बँकेचं काम आहे. शनिवारी रात्री दहाला कसलं काम?”

नोंदवही काय म्हणाली

मला आकडे लिहून ठेवायची खोड आहे. मोहीम संपली की पडद्यावर हिशेब येतो: कोणी किती किडे मारले, किती खणलं, कोणाला किती वेळा उठवलं, कोण किती वेळा पडलं. मी त्याचा फोटो काढून रविवारी एक्सेलमध्ये भरायचो. आधी मी फक्त ‘जिंकलो-हरलो’चा रकाना बघायचो आणि ‘चार आपल्याला जड जातंय’ असं म्हणून पुढे जायचो. त्या मेसेजनंतर कार्डावरच्या बाकीच्या गोष्टींचे रकाने लावले.

चौदापैकी पाच मोहिमा साध्या होत्या: लांबी दोन ठिपक्यांपर्यंत, वॉर्निंग नाही. त्यातल्या चार जिंकल्या होत्या. उरलेल्या नऊमध्ये एक तर लांबी तीन ठिपके, किंवा वॉर्निंग, किंवा दोन्ही. त्यात जिंकलेली एक.

म्हणजे हॅझार्ड ४ आम्हाला अगदीच झेपत नव्हता असं नाही. हॅझार्ड वाढवताना आम्ही बाकीचे खटकेही वर ढकलत होतो आणि त्याबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो. बोललो होतो फक्त आकड्याबद्दल. आकड्याला मान असतो. “आम्ही चारवर खेळतो” हे दुसऱ्यांना सांगता येतं. “आम्ही तीनवर, लांबी तीन, वॉर्निंग मॅक्टेरा प्लेग” कोणाला सांगणार?

दुसरी गोष्ट मोबदल्याची. स्काउटचा मुद्दा असायचा की चारवर जास्त मिळतं. मिळतं खरं. तीनवर मूळ मोबदल्यावर ७५ टक्के बोनस, चारवर १०० टक्के. म्हणजे शंभराचे तीनवर १७५ आणि चारवर २००, साधारण सातवा हिस्सा जास्त. हरलेल्या मोहिमेत मोठा भाग जातो. आमच्या चौदापैकी पाच जिंकलेल्या धरा. त्याच चौदा तीनवर खेळून सहा जरी जिंकलो असतो तरी जास्त पडलं असतं, आणि तीनवर आम्ही सहापेक्षा कितीतरी जास्त जिंकलो असतो. हा हिशेब मी केला तेव्हा मलाच हसू आलं. नोकरीत मी हेच करतो आणि इथे दोन महिने केलं नव्हतं.

तिसरी गोष्ट एक्सेलमध्ये नव्हती, घड्याळात होती. आमचे रात्रीचे दहा म्हणजे त्याचे संध्याकाळचे साडेपाच. आमची तिसरी मोहीम पावणेबाराला सुरू व्हायची. ताई सकाळी सहाला उठलेली, मी जांभया देणारा, आणि हा तिकडे संध्याकाळची कॉफी घेऊन ताजातवाना. सर्वांत लांब आणि सर्वांत वाईट वॉर्निंगची मोहीम तो शेवटाला ठेवायचा. “शेवट गोड करूया” म्हणायचा.

पर्याय

रविवारी आम्ही तिघं भावंडं फोनवर बसलो. दाजी त्या फोनवर नव्हते, हे आधीच सांगतो. त्याबद्दल पुढे येईलच.

सोपा पर्याय म्हणजे परत तीनवर. दाजींना बरं, मला बरं. स्काउटला कंटाळा, आणि तो कंटाळला की मोहीम सोडून कोपऱ्यात सोनं खणत बसतो, तेही नुकसानच.

दुसरा पर्याय स्काउटचा: दाजींना आठवड्यात दोन दिवस शिकवूया. बोलायला चांगलं. पण ज्याला कामावरून यायला आठ वाजतात त्याला मंगळवारी रात्री मेहुण्याकडून शिकवणी? ताई म्हणाली, “तूच सांग त्यांना.” त्यावर तो गप्प.

तिसरा, गट मोडायचा. स्काउट आठवड्यात अनोळखी लोकांबरोबर पाचवर खेळेल आणि शनिवार घरचा. हा मला पटला होता. पण शनिवारी काय खेळायचं हा प्रश्न त्याने सुटत नव्हता, फक्त स्काउटची भूक भागत होती.

चौथा माझा, एक्सेलमधून आलेला: चारवरच राहायचं, पण लांबी दोन आणि वॉर्निंग नाही. कागदावर हाच बरोबर होता, चौदापैकी पाचात चार जिंकलेला. मी तो अगदी ठासून मांडला. ताई म्हणाली, “दादा, तुझं बरोबर आहे, पण हेही तूच ठरवतोयस ना? आधी हा ठरवत होता, आता तू. त्यांनाच विचारा की.”

तिथे माझी गाडी अडली. पाच शनिवार आम्ही अवघड किती असावं यावर बोलत होतो. अवघड कोणासाठी, हे ठरवणारा माणूस सगळ्यांत चांगला खेळणारा होता. जो सारखा पडत होता त्याच्या हातात माउसच नव्हता. स्काउटला लो ऑक्सिजनचं कार्ड मौजेचं वाटायचं, कारण त्याला त्यात मरायची भीती नव्हती. यात त्याचा वाईट हेतू अजिबात नव्हता. जेवणात तिखट किती घालायचं ते स्वयंपाक करणाऱ्याच्या जिभेवर ठरतं, तसंच.

मी दाजींना फोन केला. सरळ विचारलं, कुठल्या मोहिमा आवडल्या, कुठल्या नाही. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, “खरं सांगू का दादा, मला ती चित्रंच कळत नाहीत. तुम्ही म्हणता हे लो ऑक्सिजन हाय, ते डबल एक्सपी हाय, मी हो म्हणतो. खाली गेल्यावर कळतंय काय हाय ते.”

आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं की त्यांनी तो पडदा कधी नीट बघितलेला नाही. होस्ट स्काउट, तो मोहीम लावायचा, आम्ही यानात बसायचो.

काय केलं

एप्रिलच्या पहिल्या शनिवारपासून तीन बदल केले.

होस्ट कोल्हापूर. ताईच्या मशीनवर खोली उघडायची, दाजी तिच्या शेजारीच बसतात. याचा एक फायदा आम्ही मोजलाच नव्हता. खेळ होस्टच्या मशीनवर चालतो, म्हणजे इतके दिवस कोल्हापूरचे दोघंही नेदरलँड्सपर्यंत जाऊन येणाऱ्या सिग्नलवर खेळत होते. किडा अंगावर येताना दिसायच्या आधीच चावलेला असायचा. दाजींना वाटायचं आपले हात मंद. आता हा उशीर एकट्या स्काउटच्या वाट्याला आला, आणि चौघांत तो सोसणारा कोणी असेल तर तोच.

दुसरं, रात्रीच्या तीन मोहिमांपैकी पहिली दाजी निवडणार, हॅझार्डसकट. दुसरी ताई किंवा मी, आळीपाळीने. तिसरी स्काउट, पण ती साडेअकराच्या आत सुरू व्हायला हवी. आणि एक अट सगळ्यांना: हॅझार्ड, लांबी, वॉर्निंग यांतला एकच खटका नेहमीपेक्षा वर न्यायचा. दोन एकदम नाही.

तिसरं रिसप्लायचं. “मी एक घेतला” असं प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचं. नियम सगळ्यांना लावला, त्यामुळे कोणा एकाला सांगावं लागलं नाही. खरं तर मी मुद्दाम पहिल्याच रात्री स्वतः दोन खण घेतले आणि ताईकडून बोलणी खाल्ली. दाजी ऐकत होते. नाटक जरा उघडं होतं, पण चाललं.

काय झालं

पहिल्या शनिवारी दाजींनी निवडलं हॅझार्ड २. तीन नाही, दोन. फंगस बॉग्समध्ये अंडी गोळा करायची, लांबी एक ठिपका, चार अंडी. स्काउटचा सुस्कारा जवळपास सात हजार किलोमीटरवरून ऐकू आला. ती मोहीम बारा-तेरा मिनिटांत संपली, पण त्या बारा मिनिटांत दाजींनी जेवढे प्रश्न विचारले तेवढे दोन महिन्यांत विचारले नव्हते. भिंतीवरचं लाल काय? ती रेड शुगर, फोडून जवळ गेलात की जीव भरतो. मॉली मागे राहिली तर? सी दाबा, जिथे असाल तिथे येते. “म्हणजे मी हिला वर बोलावू शकत होतो?” ते म्हणाले. सॉल्ट पिट्सची रात्र त्यांच्या डोक्यात होती तर. आम्हाला वाटलं होतं ते विसरले.

चारवर असले प्रश्न विचारायला उसंतच नसते. अंगावर किडे असताना कोण विचारणार.

सहा शनिवारी अठरा मोहिमा झाल्या. दोनवरची ती एक. तीनवर आठ, त्यातल्या सात जिंकल्या. आठवी पॉइंट एक्स्ट्रॅक्शन होती, दहा अ‍ॅक्वार्कवाली, म्हणजे तेवढे स्फटिक खणून आणायचे. त्यात जितका वेळ लावाल तितक्या झुंडी दाट होत जातात आणि आम्ही रमतगमत खेळलो. चारवर सात, पाच जिंकल्या. उरलेल्या दोन ना जिंकल्या ना हरल्या: वळीव आला आणि कोल्हापुरात लाइट गेली. होस्ट गेला की सगळ्यांचीच मोहीम जाते, दुसऱ्या कोणाकडे ती सरकत नाही. पहिल्यांदा आम्ही हसलो. दुसऱ्यांदा यान खाली आलेलं, पाच मिनिटांची उलटी मोजणी सुरू, दाजी धावत होते, आणि अंधार. त्यांच्या घरचा इन्व्हर्टर पंखा-ट्यूबचा, कॉम्प्युटरचा नाही. सोमवारी त्यांनी स्वतः जाऊन यूपीएस आणला, आणि राउटरही त्याच्यावरच जोडला. शनिवारी काम आहे म्हणणारा माणूस खेळासाठी यूपीएस आणतो याचा आनंद मला सात विजयांपेक्षा जास्त झाला.

चौथ्या आठवड्यात एक गंमत झाली. दाजींचा नंबर. कार्डं बघता बघता ते म्हणाले, “हे घेऊ. चार. मॅक्टेरा प्लेग.” म्हणजे हॅझार्ड चार आणि वर वॉर्निंग. ताईने अटीची आठवण करून दिली. ते म्हणाले, “लांबी एकच ठिपका हाय. आणि उडणारे किडे माझ्या गनला बरे पडतात, मागच्या वेळी बघितलंय.” बरोबर होतं. मॅक्टेरा उडतात, लांबून थुंकतात, आणि गनरची मशीनगन त्यांच्यासाठीच केल्यासारखी आहे. माझा फ्लेमथ्रोअर मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्या रात्री सगळ्यांत जास्त वेळा मी पडलो, पाच वेळा, आणि दाजींनी मला तीनदा उठवलं. दर वेळी उठवल्यावर व्ही दाबून कुदळ वर करून ‘रॉक अँड स्टोन’ आरोळी ठोकायचे. मोहीम जिंकली. चारवर आणि वॉर्निंगसकट, म्हणजे माझ्या चौथ्या पर्यायात जे बसत नव्हतं तेच.

सगळंच गोड झालं असं नाही. स्काउट दोन शनिवार आला नाही. मित्रांबरोबर पाचवर खेळला, फोटोही पाठवले. परत आला तेव्हा म्हणाला की होस्ट नसल्याचा उशीर त्याला त्रास देतो. किडा मेला असं दिसतं आणि अर्ध्या सेकंदाने तोच चावतो. दाजी लगेच म्हणाले, “आम्ही तीन महिने तसंच खेळलो की.” क्षणभर शांतता, मग सगळे हसले, पण त्या हसण्यात थोडं खरं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत मोठी चूक माझी आणि ती खेळातली नाही. मार्चमध्ये मी ते एक्सेल जसंच्या तसं कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. त्यात ‘कोण किती वेळा पडलं’ हा रकाना होता, आणि दाजींचा आकडा बाकी तिघांच्या बेरजेएवढा. मला वाटलं मी पुरावा देतोय. ताईने वीस मिनिटांत फोन केला, “डिलीट कर.” केलं, पण त्यांनी बघितलं होतं. लांबी-वॉर्निंगचा तक्ता पुरेसा होता. माणसांचा रकाना लागतच नव्हता, कारण निष्कर्ष माणसाबद्दल नव्हता, कार्डाबद्दल होता.

दुसरं, तो रविवारचा फोन. ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस सोडून तिघं बोललो. ताईने विषय वळवला नसता तर माझा पर्याय लागू झाला असता, कदाचित चाललाही असता, आणि दाजींना अजूनही ती चित्रं कळली नसती.

होस्ट बदलण्याचं पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं. कोण कुठे बसलंय, सिग्नल किती लांब जातो, हे हॅझार्डच्या आकड्याआधी बघायचं. आम्ही ‘दाजी नवीन आहेत’ एवढ्यावर थांबलो. त्यांच्या पडण्यातलं किती नवखेपणाचं आणि किती उशिराचं, हे आता वेगळं काढता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच शनिवारी बदलल्या. नुसता होस्ट बदलून दोन आठवडे थांबलो असतो तर कळलं असतं.

‘एकच खटका’ हा नियम मला अजूनही आवडतो, पण तो कच्चा आहे. मॅक्टेराच्या रात्री तो मोडला आणि ते बरोबर ठरलं. वॉर्निंग सगळ्या सारख्या नसतात. कुठली कोणाला जड जाते ते गटात कोण काय घेऊन उतरलंय त्यावर आहे. स्वार्मागेडनमध्ये छोट्या किड्यांचे लोंढे येतात, ते माझ्या आगीपुढे काहीच नाहीत, पण स्काउटला तिथे पळता भुई थोडी होते. सगळ्या गटांना लागेल असा तक्ता बनवायचा मोह झाला होता, पण तो सोडून दिला.

एक फाटा. सगळ्या खेळांत हे एवढं उघड नसतं. ‘हेलडायव्हर्स २’ २०२४मध्ये आला तेव्हा नऊ पातळ्या होत्या, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दहावी आली. तिथे वरच्या पातळीवर गेल्याशिवाय काही वस्तू मिळतच नाहीत, म्हणून लोक झेपत नसताना वर चढतात. डीप रॉकमध्ये तसली सक्ती फार कमी आहे. आम्ही चारवर गेलो ते खेळाने ढकललं म्हणून नाही, आपल्याच हौसेने गेलो.

आता स्काउटला डीप डाइव्ह हवीय. त्यात निवड नावाची गोष्टच नाही: लागोपाठ तीन टप्पे, प्रत्येकाची अवघडाई आधीच ठरलेली, जगभर सगळ्यांना तीच, आणि दर गुरुवारी बदलते. एका टप्प्यात हरलात की संपलं. आमचा सगळा कारभार निवडण्यावर उभा, आणि इथे निवडायला काही नाही. ताई नको म्हणते. मी तळ्यातमळ्यात. गेल्या गुरुवारी स्काउटने ग्रुपवर टप्पे टाकले, दुसऱ्यावर लो ऑक्सिजन होता, आणि खाली लिहिलं, “दाजी, तुम्हाला चालेल का?”

उत्तर दोन मिनिटांत आलं. “मॉली माझ्याकडे असू दे. मग चालतंय.”